एकाला किती? बैल, घोडा, वाघ आणि चालीची गणितं

सहावीच्या वर्गात मी फळ्यावर एक साधं उदाहरण लिहिलं होतं. एक बैलगाडी ३ तासांत १२ किलोमीटर जाते, तर ५ तासांत किती किलोमीटर जाईल? वर्ग अमळनेरकडच्या एका खेड्यातला, निम्म्या मुलांच्या दारात बैल बांधलेले. एका मुलीनं हात वर केला आणि ठामपणे सांगितलं, "१४."

मी विचारलं, कसं काढलंस? ती म्हणाली, "३ चे ५ झाले, म्हणजे २ वाढले. मग १२ मध्येपण २ वाढवले."

मी म्हटलं, "म्हणजे पहिल्या ३ तासांत गाडी १२ किलोमीटर गेली आणि पुढच्या २ तासांत फक्त २ किलोमीटर. बैलांना काय झालं गं?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "थकले असतील."

हे उत्तर मी आजवर विसरले नाही. गणितात ते चूक आहे, पण शिवारात ते बरोबर आहे. चालीच्या गणितांमध्ये मुलं जिथे जिथे अडखळतात, त्यातली बरीच ठिकाणं या एका संवादात आली. म्हणून आधी तिची चूक नीट बघू, आणि "थकले असतील" याकडे नंतर वळू.

वाढ दोन तऱ्हांनी होते. माझं वय आणि माझ्या धाकट्या भावाचं वय घ्या. मी २ वर्षांनी मोठी झाले की तोही २ वर्षांनीच मोठा होतो. तिथे बेरीज चालते. पण गाडीचे तास आणि गाडीचं अंतर ही भावंडं नव्हेत. तास एकानं वाढला की अंतर एकानं वाढत नाही, ते त्या गाडीच्या चालीनं वाढतं. म्हणून पहिला प्रश्न "किती वाढले" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "एका तासाला किती?"

माझ्या माहेरी शेतावर एक सालदार होते. आम्ही सगळे त्यांना जिभाऊ म्हणायचो. शाळेत फार गेले नव्हते. त्यांना हेच उदाहरण घातलं तेव्हा हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "तासले चार. मंग पाच तासले वीस." झालं. कागद नाही, सूत्र नाही. कारण "एकाला किती" हा हिशोब त्यांच्या रोजच्या जगण्यात होता. मजुरी रोजाला ठरते, कापूस क्विंटलला विकतो, दूध लिटरला जातं, टेम्पोवाला किलोमीटरला भाडं सांगतो. बाजारात कुणी "मला ७ क्विंटलचा एकूण भाव सांगा" असं विचारत नाही. आधी एकाचा भाव कळतो, मग बाकी सगळं आपलं आपण करतो. शाळेच्या पुस्तकात याच गोष्टीला एकमान पद्धत म्हणतात, आणि नाव बदललं की मुलांना ती परकी वाटायला लागते.

पाटीवर ते असं मांडायचं:

३ तासांत १२ किलोमीटर
१ तासात १२ ÷ ३ = ४ किलोमीटर
५ तासांत ४ × ५ = २० किलोमीटर

मधली ओळ हीच सगळी गोम आहे. अनेकांवरून एकावर उतरायचं आणि एकावरून पुन्हा हव्या तितक्यांवर चढायचं. उतरताना भागाकार, चढताना गुणाकार. मुलं घाईत मधली ओळ गाळतात आणि तिथेच घसरतात. निदान पहिली शंभर उदाहरणं तरी ती ओळ लिहायलाच लावावी, असं माझं मत आहे.

आता जरा अवघड जागी जाऊ. सारंगखेड्याला, शहादा तालुक्यात तापीच्या काठी, दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. लांबलांबून घोडे येतात. घेणारा माणूस घोड्याचा रंग, कान, उंची बघतोच, पण शेवटी चाल बघतो. रेवाल चालीच्या घोड्यावर स्वार बसला की अंग हलत नाही, त्याचं कौतुक तिथे वेगळंच. समजा तिथे दोन घोडे दुडक्या चालीनं पळवले. काळी घोडी ५ मिनिटांत १२०० मीटर गेली. पांढरा घोडा ८ मिनिटांत १७६० मीटर गेला. जास्त वेगात कोण?

वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो पांढरा, कारण तो जास्त अंतर गेला. दुसरा म्हणतो काळी, कारण तिला कमी वेळ लागला. दोघांनीही अर्धंच उदाहरण वाचलेलं असतं. अंतरही वेगळं, वेळही वेगळा, म्हणजे दोघांना एकाच मापावर आणल्याशिवाय तुलना होणारच नाही. ते माप म्हणजे एक मिनिट. काळी घोडी मिनिटाला १२०० ÷ ५ = २४० मीटर. पांढरा घोडा मिनिटाला १७६० ÷ ८ = २२० मीटर. काळी पुढे. दुसऱ्या तटाचं उत्तर बरोबर आलं, पण कारण चूक होतं. परीक्षेत अशा उत्तराला गुण मिळून जातात आणि चूक तशीच मुरत राहते. म्हणून मी उत्तर ऐकून थांबत नाही, कारण विचारतेच.

आता मुलांना खरंच कोड्यात टाकणारी गोष्ट. "एक" कुणाचा घ्यायचा? बैलगाडीच्या उदाहरणात मी १ तासावर उतरले. पण १ किलोमीटरवरही उतरता आलं असतं. १२ किलोमीटरला ३ तास, म्हणजे १८० मिनिटं. तर १ किलोमीटरला १८० ÷ १२ = १५ मिनिटं. तासाला ४ किलोमीटर आणि किलोमीटरला १५ मिनिटं, ही एकाच चालीची दोन रूपं आहेत. दोन्ही खरी. मुलं उलटा भागाकार करतात तेव्हा आपण सरळ फुली मारतो, पण पुष्कळदा त्यांनी दुसरं रूप काढलेलं असतं आणि ते नको तिथे वापरलेलं असतं. "तुझा भागाकार चुकला" म्हणण्यापेक्षा "तू जे काढलंस ते कशाचं उत्तर आहे?" असं विचारलं तर मूल स्वतःच चूक शोधून काढतं.

कोणतं रूप कधी? प्रश्नात काय मागितलंय ते बघा. ५ तासांत किती अंतर, असं विचारलं तर तासाचा दर हातात हवा. ७ किलोमीटरवरच्या बाजाराला पोचायला किती वेळ, असं विचारलं तर किलोमीटरचा दर सोयीचा: १५ × ७ = १०५ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तास. आमच्या जुन्या मास्तरांची एक युक्ती होती, ती अजून कामी येते. जे काढायचं ते उजव्या हाताला लिहायचं. वेळ काढायचा असेल तर "१२ किलोमीटरला १८० मिनिटं" अशी ओळ मांडायची, अंतर काढायचं असेल तर "३ तासांत १२ किलोमीटर" अशी. मग डावीकडच्याला १ करायचं. कशाला कशानं भागायचं हा घोळ आपोआप सुटतो, कारण उजवीकडच्याला नेहमी डावीकडच्यानंच भागायचं असतं.

हे सगळं आपल्या भागात फार जुनं आहे, आणि हे सांगताना मला खरोखर अभिमान वाटतो. चाळीसगावजवळ पाटण आहे, आपण त्याला पाटणादेवी म्हणतो. तिथल्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला, असं त्यात कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. म्हणजे यादवांच्या काळात, सातमाळा डोंगराच्या पायथ्याला, विद्यार्थी बसून गणित शिकत होते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि त्यांची 'लीलावती' साधारण ११५० ची. तिच्यात एकमानाची हीच गोष्ट त्रैराशिक या नावानं येते.

त्रैराशिकात तीन राशी. ठाऊक असलेली पहिली म्हणजे प्रमाण, तिच्यासोबत येणारं फल, आणि आपल्याला हवी ती इच्छा. बैलगाडीत प्रमाण ३ तास, फल १२ किलोमीटर, इच्छा ५ तास. नियम असा की फलाला इच्छेनं गुणायचं आणि प्रमाणानं भागायचं. १२ × ५ ÷ ३ = २०. उत्तर तेच, फक्त गुणाकार आधी आणि भागाकार नंतर.

हा क्रम किरकोळ वाटतो, पण नाही. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन चाऱ्याच्या मागे निघतात. समजा त्यांचा एक वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट निघालेला तांडा, ३ दिवसांत २५ किलोमीटर सरकतो. याच चालीनं १२ दिवसांत किती? एका दिवसावर उतरलं तर २५ ÷ ३ = ८.३३, आणि ८.३३ × १२ = ९९.९६. त्रैराशिकानं २५ × १२ ÷ ३ = १००, अगदी स्वच्छ. ते ४ शतांश कुठे गेले? आपणच मधल्या ओळीत ८.३३ च्या पुढचे तीन छाटले होते. म्हणून भाग पुरा जात नसेल तर अपूर्णांक तसाच ठेवा, २५/३ लिहा, किंवा गुणाकार आधी करा.

त्रैराशिकाचा आणखी एक दंडक मला फार मोलाचा वाटतो. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात. प्रमाण तासात आणि इच्छा मिनिटांत असं चालणार नाही. मुलांच्या वह्या तपासा, तिसरा हिस्सा चुका इथल्याच असतात असं मला दरवर्षी वाटतं. "बैलगाडी ३ तासांत १२ किलोमीटर, तर ४५ मिनिटांत किती?" यावर सरळ ४ × ४५ = १८० किलोमीटर लिहून मूल मोकळं होतं. पाऊण तासात १८० किलोमीटर जाणारी बैलगाडी! आधी जात एक करा: ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास, ४ × ०.७५ = ३ किलोमीटर. आणि उत्तर आल्यावर डोळे मिटून गाडी समोर आणा. हे जनावर खरंच इतकं चालेल का? प्राण्यांच्या उदाहरणांचं हेच सुख आहे. ताळा आपल्याच डोळ्यांत असतो.

'लीलावती'तलंच एक उदाहरण तर प्राण्यांच्या चालीचं आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप खांबाच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे २७ हातांवर आहे आणि बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघंही सारखंच अंतर कापतात, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर १२ हात. पडताळून पाहा. साप २७ मधून १२ गेले, म्हणजे १५ हात चालला. मोराची तिरकी झेप काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे: ९ चा वर्ग ८१, १२ चा वर्ग १४४, बेरीज २२५, वर्गमूळ १५. दोघं १५ हात. आपल्यासाठी यातली मेख वेगळी आहे. मोराची गती किती, सापाची किती, हे कुठेच दिलेलं नाही. दोघांचा दर सारखा आणि वेळही सारखा, म्हणून अंतर सारखं. दराचा आकडा माहीत नसतानाही दराचा विचार वापरता येतो, आणि सातवी-आठवीच्या मुलाला हे दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता एककांचा दुसरा घाट. जनावर पळतं तेव्हा सेकंदाला मीटर मोजतात, आपण मात्र तासाला किलोमीटरमध्ये विचार करतो. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातली सारा नावाची चित्तीण २०१२ मध्ये १०० मीटर ५.९५ सेकंदांत पळाली. एका सेकंदाला १०० ÷ ५.९५ = सुमारे १६.८ मीटर. याचे तासाला किलोमीटर कसे करायचे? सूत्र पाठ करू नका, बांधा. तासात ३६०० सेकंद. सेकंदाला १ मीटर जाणारा प्राणी तासात ३६०० मीटर, म्हणजे ३.६ किलोमीटर जाईल. म्हणून सेकंदाच्या मीटरला ३.६ नं गुणलं की तासाचे किलोमीटर मिळतात. १६.८ × ३.६ = सुमारे ६०.५. माणसाशी ताडून बघायचं तर उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, म्हणजे तासाला सुमारे ३७.६ किलोमीटर. आणि आपली बैलगाडी? ४ ला ३.६ नं भागा. सेकंदाला १.१ मीटर.

मुलं इथे लगेच म्हणतात, "पण चित्ता तर तासाला शंभर पळतो!" बरोबर आहे. साराच्या त्याच धावेत तिचा सर्वांत जास्त वेग तासाला सुमारे ९८ किलोमीटर मोजला गेला होता. मग ६०.५ कुठून आले? ती उभ्याउभ्या निघाली, वेग घ्यायला वेळ गेला. ६०.५ हा संपूर्ण धावेचा सरासरी दर, आणि ९८ हा त्यातल्या एका क्षणाचा. एकमान पद्धत आपल्याला नेहमी पहिली संख्या देते. तिला क्षणाचं काही ठाऊक नसतं. तिच्या लेखी सारा पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकाच चालीनं गेली.

आणि इथे मला त्या मुलीचं "थकले असतील" पुन्हा आठवतं. चित्तीण १०० मीटरला ५.९५ सेकंद घेते, तर ५ किलोमीटरला किती? गुणाकार सोपा आहे: ५० पट, सुमारे २९८ सेकंद, पाच मिनिटांच्या आत. आणि हे उत्तर साफ खोटं आहे, कारण चित्ता असा काही शे मीटरच पळू शकतो. बोट्स्वानातल्या रानटी चित्त्यांना गळपट्टे बांधून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सर्वांत जास्त वेग तासाला ९३ किलोमीटर निघाला, पण बहुतेक धावांत ते त्याहून बरेच हळू होते. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात म्हणूनच एक छोटा शब्द असतो, "याच वेगाने". मुलं तो वगळून वाचतात. मी त्याखाली रेघ मारायला लावते. तो शब्द सांगतो की या उदाहरणापुरतं जनावर थकणार नाही, थांबणार नाही, पाणी प्यायला वळणार नाही. तो शब्द नसेल तर उदाहरण अपुरं आहे, आणि ते अपुरं आहे असं म्हणायची मुलाला मुभा हवी.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये नवं रान शोधत निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे त्याच्या मुक्कामांची नोंद होत राहिली. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो आपल्या जळगावला लागून असलेल्या बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. सुमारे ५ महिन्यांत त्यानं सुमारे १३०० किलोमीटर अंतर कापलं. महिना ३० दिवसांचा धरला तर १३०० ÷ १५० = दिवसाला सुमारे ८.७ किलोमीटर.

हा आकडा घेऊन काय करायचं? वाघ रोज मोजून ८.७ किलोमीटर चालला, असा त्याचा अर्थ नाही. शिकार मिळाली की वाघ दोन-तीन दिवस तिथेच राहतो, आणि एखाद्या रात्रीत बरीच मजल मारतो. १३०० हे अंतरही कुठून कुठे गेला याचं नाही, वळत-फिरत किती चालला याचं आहे. पण ८.७ निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. एका वाघाला नवं घर शोधताना किती भूभाग लागतो, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. फक्त "मग २ दिवसांत १७ किलोमीटर, म्हणजे परवा तो अमुक गावात असेल" असा हिशोब त्यावर करू नये. दर लांब पल्ल्याच्या हिशोबाला भरवशाचा असतो, छोट्या तुकड्याला नसतो. मुक्ताईनगरच्या रानाजवळ किंवा यावलच्या सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना हे उदाहरण घातलं की सगळा वर्ग जागा होतो.

याच्या उलट, जवळजवळ एका चालीनं जाणारे प्राणीही आहेत. गॉडविट नावाचा लांब चोचीचा किनारपक्षी अलास्काहून दक्षिणेकडे समुद्रावरून उडत जातो, वाटेत कुठेही न उतरता. २०२२ मध्ये पाठीवर यंत्र लावलेलं जेमतेम ५ महिन्यांचं एक पिल्लू टास्मानियात उतरलं. अंतर १३,५६० किलोमीटर, वेळ ११ दिवस १ तास. आधी जात एक करू: ११ × २४ + १ = २६५ तास. १३,५६० ÷ २६५ = तासाला सुमारे ५१ किलोमीटर. भुसावळहून मुंबई रेल्वेनं साधारण ४४० किलोमीटर, म्हणजे हा पक्षी तिथे साडेआठ-नऊ तासांत पोचेल. आणि मग तसाच अकरा दिवस उडत राहील. खाणं नाही, पाणी नाही, बूड टेकायला जागा नाही. भागाकार करताना माझा हात दर वेळी थबकतो.

आता दोन जनावरं एकाच उदाहरणात आली की काय करायचं तेही बघू. गोठ्यातून वासरू सुटलं आणि मिनिटाला १५० मीटरनं रस्त्यानं पळालं. ते ३०० मीटर पुढे गेल्यावर जिभाऊ सायकलीवर मिनिटाला २०० मीटरनं निघाले. किती वेळात गाठतील? मुलं १५० आणि २०० घेऊन काहीबाही करत बसतात. इथे "एका मिनिटाला किती" हा प्रश्न वासराबद्दल किंवा सायकलीबद्दल विचारायचाच नाही, तो दोघांमधल्या फटीबद्दल विचारायचा. एका मिनिटात जिभाऊ २०० पुढे, वासरू १५० पुढे, म्हणजे फट ५० नं कमी. ३०० ची फट ५० नं मिटायला ६ मिनिटं. समोरासमोर येत असते तर फट मिनिटाला ३५० नं मिटली असती. बस, एवढंच.

शेवटचा सापळा मेंढ्यांचा, आणि यात मोठी माणसंसुद्धा अडकतात. एक मेंढी वाड्याबरोबर गावातून कुरणापर्यंत ४० मिनिटांत पोचते. तर ५० मेंढ्या किती वेळात पोचतील? एकमान पद्धत नुकतीच शिकलेलं मूल आनंदानं ४० × ५० = २००० मिनिटं लिहितं. पण मेंढ्या एकीमागून एक वेगवेगळ्या सहलीला जात नाहीत, कळप एकत्रच चालतो. उत्तर ४० मिनिटंच. तोच कळप आता नदीवरच्या अरुंद फरशीवर आणा. फरशीवरून मिनिटाला ४० मेंढ्या जातात, तर ३०० मेंढ्यांना किती वेळ? इथे मात्र ३०० ÷ ४० = साडेसात मिनिटं. त्याच मेंढ्या, तेच चालणं, पण एका ठिकाणी संख्येनं फरक पडत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी पडतो. म्हणून गुणाकाराला हात घालण्याआधी एकदा विचारा, एक वाढवला तर दुसरं खरंच वाढतं का? हे कुठल्याही सूत्रात मिळत नाही, ते शिवारात मिळतं. खेड्यातल्या मुलांकडे ते आधीपासून असतं, आपण फक्त ते वहीत आणू द्यायचं.

त्या वर्गाला मी नंतर घरी एक काम दिलं. घरातला किंवा दारातला कुठलाही प्राणी निवडा, त्याची चाल मोजा, एकाचा दर काढा, आणि तो वापरून पुढचा अंदाज बांधून तो खरा ठरतो का ते बघा. कुणी शेळी मोजली, कुणी कोंबडी, एकानं बैलाची पावलं. त्या मुलीनं मुंगी निवडली. भिंतीला पट्टी लावून तिनं मोजलं, १२ सेकंदांत ३० सेंटिमीटर. सेकंदाला अडीच. साखरेचा डबा २ मीटरवर होता. तिनं २०० ला २.५ नं भागलं आणि लिहिलं, ८० सेकंद लागतील. मग घड्याळ लावून बसली. मुंगीला १३० सेकंद लागले.

वहीत तिनं दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले होते आणि समोर, थोड्या तिरक्या अक्षरात: "वाटेत दुसरी मुंगी भेटली. दोघी थांबल्या."